वाळूच्या दांड्यावरची गावं : बंधारा मागण्याआधी वाळूचा हिशेब मागू या

पुळण (धागाकर्ती)

मालवण तालुक्यातली देवबाग आणि तळाशील ही दोन गावं नकाशावर पाहा. देवबागच्या पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली नदी आणि मध्ये माडांचा चिंचोळा पट्टा. तळाशीलच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची कालावल खाडी. भूगोलाच्या पुस्तकात याला वाळूचा दांडा म्हणतात. दांड्यावरच्या घराखाली वाळूच असते आणि ती दोन्ही बाजूंनी जाऊ शकते. अशा गावांत दरवर्षी पावसाळा उलटला की ग्रामसभेत ठराव होतो, 'अमुक मीटर लांबीचा धूपप्रतिबंधक बंधारा मंजूर करावा.' २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला अजून वेळ आहे, म्हणून हा धागा आत्ताच काढते आहे.

माझं म्हणणं एवढंच, की ठरावात मीटर लिहिण्याआधी घनमीटर लिहा. किती वाळू गेली, कोणत्या महिन्यात गेली, कुठे गेली आणि यायची बंद कशामुळे झाली, हे कागदावर नसेल तर मिळेल तो दगड मिळेल तिथे पडतो आणि पाच-सात वर्षांत पुन्हा तोच ठराव करावा लागतो.

गेलेली सगळी वाळू धुपेची नसते, हे आधी लक्षात घेऊ. जून ते सप्टेंबर उंच, लागोपाठच्या लाटा पुळणीची, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूच्या पट्ट्याची, वाळू ओढतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली बांधासारखी रचून ठेवतात. त्या बांधावर पुढच्या लाटा फुटतात, म्हणजे किनारा स्वतःचंच संरक्षण करत असतो. ऑक्टोबरपासून संथ लाटा तीच वाळू परत वर आणतात. म्हणून ऑगस्टमधला फोटो मेमधल्या फोटोशेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही. मेची तुलना मेशी आणि सप्टेंबरची सप्टेंबरशीच करायची. परत येणारी वाळू दरवर्षी थोडी कमी पडत असेल, तर ती खरी धूप.

चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातल्या उपग्रह चित्रांवरून देशाची मुख्य भूमीची ६,९०७ किलोमीटर किनाररेषा तपासली. त्यात ३३.६ टक्के धुपणारी निघाली. महाराष्ट्रातल्या सुमारे ७४० किलोमीटरपैकी २५.५ टक्के धुपणारी, १० टक्क्यांच्या आसपास भर पडणारी आणि उरलेली स्थिर. हा आकडा दिलासा देणारा वाटतो, पण आपल्या किनाऱ्याचा मोठा भाग कातळाचा आहे आणि कातळ स्थिरच राहणार. वाळूच्या गावाने राज्याच्या सरासरीवर विसंबू नये, स्वतःची पुळण मोजावी.

---

नवखा_वाचक

धागा उपयोगाचा आहे. दोन शंका. परदेशात ज्यांना बॅरिअर आयलंड म्हणतात तेच हे दांडे का? आणि समुद्राची पातळी वाढते आहे म्हणूनच हे होतंय ना?

---

खाडीकाठ

पहिल्याचं उत्तर : भाऊबंद म्हणा, तेच नव्हेत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शेकडो किलोमीटर सपाट मैदानासमोर वाळूची लांब बेटं आहेत. आपल्याकडे दर काही किलोमीटरवर सह्याद्रीचा फाटा समुद्रात घुसतो, त्यामुळे वाळू दोन डोंगरांमधल्या खोबणीत अडकते आणि नदीच्या तोंडाशी दांडा तयार होतो. पण वागणूक सारखी. वादळात पुढची वाळू मागे फेकली जाते आणि पट्टा जमिनीकडे सरकतो. नॉर्थ कॅरोलायनात केप हॅटरसचं १८७० साली बांधलेलं दीपगृह लाटांच्या तोंडाशी आलं, तेव्हा भिंत बांधत बसण्याऐवजी १९९९ मध्ये अख्खं दीपगृह रुळांवरून सुमारे ८८० मीटर मागे नेलं. त्यांच्याकडे मागे सरकायला जागा होती. देवबागला मागे कर्ली आहे. म्हणून आपल्याला असलेली वाळू सांभाळण्याशिवाय इलाज नाही.

दुसऱ्याचं उत्तर : पातळी वाढते आहे, आणि सपाट पुळणीवर थोडी वाढही भरतीची रेघ बरीच आत आणते. पण ती वाढ वर्षाला मिलिमीटरमध्ये मोजतात. एका मोसमात आठ-दहा मीटर पुळण गेली तर कारण जवळपास शोधावं. नदीतला उपसा, नव्या जेट्टीचा हात, शेजारच्या वाडीत संपणारी भिंत, सपाट केलेली वाळूची टेकडी, यांपैकी काहीतरी असतं. 'हवामानबदल' एवढंच लिहिलेल्या अर्जावर कोणालाही काही करता येत नाही.

---

रापण

वाळू खंय गेली ता आधी बघूक व्हया, ह्या बरोबर. पण ती येवची खंयसून ता कोण बघता? डोंगरातसून न्हंयेत, न्हंयेतसून खाडीत, खाडीच्या तोंडातसून समुद्रात आणि थंयसून पुळणीर. मधीच उपसलास तर पुळणीर येतला काय?

पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो. हातपाटीचा माणूस बुडी मारून किंवा उथळ पाण्यात उभा राहून पाटीने वाळू काढतो. त्याचा खड्डा उथळ असतो आणि एका पावसात भरून येतो. सक्शन पंप खाडीच्या तोंडाजवळ मीटर-दोन मीटर खोल खड्डा पाडतो. तो खड्डा वरून येणारी सगळी वाळू आधी गिळतो आणि भरतीच्या पाण्याबरोबर पुळणीकडचीही ओढून घेतो. तळाशीलसारख्या ठिकाणी खाडीकडचा काठ का ढासळतो हे पाहायचं असेल तर काठाजवळची खोली मोजा. होडीतून दोरीला वजन बांधून सोडलं तरी कळतं. काठापासून १० मीटरवर गेल्या वर्षी कंबरभर पाणी होतं तिथे यंदा दोन पुरुष असेल, तर काठ त्या खड्ड्यात घसरणारच. तिथे समुद्राच्या बाजूला कितीही दगड टाका, उपयोग नाही.

मोजणी नेहमी मोठ्या ओहोटीला, त्याच जागी, त्याच होकायंत्राच्या दिशेने करावी.

---

सागरीस्थापत्य

बंधारा वाईट असं सरसकट म्हणणार नाही. जिथे मागे रस्ता आणि घरं आहेत आणि पुढे पुळण उरलेलीच नाही, तिथे लागतो. पण तो का कोसळतो हे मागणी करणाऱ्यांना माहीत असायला हवं, नाहीतर ठेकेदार काय टाकतो ते कळत नाही.

दगडाचं वजन लाटेच्या उंचीच्या घनाच्या पटीत वाढतं. बंधाऱ्याच्या दगडाचं वजन काढायच्या हडसनच्या सूत्राने, १:२ उतारावर, २ मीटर उंचीची फुटणारी लाट धरली तर काळ्या दगडाचा एक नग साधारण १.३ टनांचा लागतो. लाट ३ मीटरची धरली तर तोच साडेचार टनांवर जातो. जांभा हलका, घनता २.२ च्या आसपास. त्यामुळे त्याच २ मीटर लाटेला जांभ्याचा नग जवळपास २.९ टनांचा हवा, म्हणजे दुपटीहून जास्त, आणि तरीही तो कोपऱ्यांनी झिजत राहतो. जवळची खाण जांभ्याची आहे म्हणून बाहेरच्या थराला जांभा वापरू देऊ नका.

१.३ टनांचा काळा दगड म्हणजे ढोबळ ८० सेंटीमीटर बाजूचा घन. दहा टन माल भरलेल्या डंपरमधून असे सात-आठच उतरायला हवेत. पंचवीस उतरले तर प्रत्येकी चारशे किलोचे आले, हे काटा न लावताही समजतं. बाहेरचा थर दोन दगडांचा, म्हणजे दीड मीटरच्या वर जाडीचा असतो. त्याखाली त्याच्या दहाव्या ते पंधराव्या हिश्शाच्या वजनाचे, म्हणजे ९० ते १३० किलोचे दगड, त्याखाली बारीक भर आणि सगळ्यात खाली जिओटेक्स्टाईलचं (पाणी जाऊ देणारं पण वाळू अडवणारं) कापड किंवा खडीचा गाळणथर. हा गाळणथर वाचवला की प्रत्येक लाट दगडांच्या फटीतून मागची वाळू शोषून नेते. वरून बंधारा जागेवर दिसतो, मागे मात्र रस्त्याखाली पोकळी होते आणि एक दिवस डांबर खचतं. कोकणातले बरेच बंधारे लाटेच्या माऱ्याने फुटत नाहीत, ते असे पोटातून रिकामे होतात.

दुसरं मरण पायथ्याचं. भिंतीवर आपटलेली लाट खाली वळते आणि पायथ्याची वाळू उपसते. फुटणाऱ्या लाटेची उंची तिथल्या पाण्याच्या खोलीच्या सुमारे ०.७८ पट असते. पायथा एक मीटर खणला गेला की २ मीटरची लाट २.८ मीटरची होऊन येते, आणि मघाच्याच सूत्राने १.३ टनांच्या जागी साडेतीन टनांचा दगड लागतो. म्हणजे बंधाऱ्याने स्वतःच वाढवलेली लाट त्याला पेलत नाही. म्हणून पायथा सप्टेंबरमधल्या सर्वांत खालच्या पुळणीच्याही खाली न्यायचा आणि पुढे तीन-चार मीटर दगडांचं आडवं पायताण टाकायचं. मेमध्ये पुळण भरलेली असताना पातळी घेतली तर पायथा हमखास उथळ पडतो. कामं नेमकी एप्रिल-मेमध्ये चालतात, हेच दुखणं.

तिसरं, टोकं. भिंत जिथे संपते त्याच्या पलीकडची पुळण आधीपेक्षा वेगाने जाते, कारण भिंतीमागची वाळू आता प्रवाहाला मिळत नाही आणि लाट टोकाला वळून मारते. एका वाडीचा बंधारा झाला की पुढच्या वर्षी शेजारच्या वाडीचा अर्ज येतो, त्याचं मूळ इथे आहे. दोन वाड्यांनी एकत्र ठराव केल्याशिवाय हे थांबत नाही. ग्रोयनचं, म्हणजे समुद्रात आडव्या घातलेल्या धक्क्यांचं, गणितही तेच : एका बाजूला भर, दुसऱ्या बाजूला खड्डा.

---

श्रीवर्धनकर

सगळं पटलं, पण ज्याच्या पडवीपासून समुद्र चार मीटरवर आहे त्याला 'आधी वर्षभर मोजा' असं सांगणं योग्य नाही. त्याच्यासाठी या पावसाळ्यापुरतं काय करता येईल ते लिहा.

---

सागरीस्थापत्य

श्रीवर्धनकर, रास्त मुद्दा. मोजणी आणि तातडीची सोय एकाच वेळी चालू शकतात.

तात्पुरत्या कामाला जिओबॅग, म्हणजे वाळू भरायची मोठी पिशवी, बरी. ती जाड जिओटेक्स्टाईलची, उन्हाला टिकणारी हवी. सिमेंटच्या किंवा खताच्या रिकाम्या पिशव्या काही महिन्यांत उन्हाने फाटतात, वाळू तर जातेच, वर प्लास्टिकचे धागे मच्छीमारांच्या जाळ्यात येतात. पिशवी ७५-८० टक्केच भरायची. गच्च भरलेली पिशवी गोल होते, घरंगळते आणि दोन पिशव्यांत फट राहते. खाली कापड अंथरून, सगळ्यात खालची ओळ किमान एक मीटर वाळूत गाडून, विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवत, उतारावर रचायच्या. उभी भिंत करायची नाही. आणि भरायला वाळू त्याच पुळणीच्या पायथ्याची घ्यायची नाही. हे सांगायला नको असं वाटेल, पण घाईत बहुतेक ठिकाणी हीच चूक होते.

ऑक्टोबरनंतर पुळण परत आली की या पिशव्या काढायच्या, तसं ठरावातच लिहून घ्या. हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे महासागर माहिती सेवा केंद्र, उंच लाटांचे इशारे देतं. इशारा आणि अमावस्या-पौर्णिमेचं उधाण एकत्र आलं तर ते दोन-तीन दिवस घरातल्या वस्तू हलवण्याचे.

---

नवखा_वाचक

मोजायचं कसं? सर्वेक्षणाची यंत्रं ग्रामपंचायतीकडे नसतात.

---

पुळण (धागाकर्ती)

यंत्र लागत नाही. एमरी नावाच्या शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडलेली दोन काठ्यांची पद्धत जगभर वापरतात. सामान असं : दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या किंवा पीव्हीसी पाइप, त्यांवर वरपासून खाली दर सेंटीमीटरला खूण, आणि दोन्हींना जोडणारी दोन मीटरची न ताणणारी दोरी. काठी वाळूत रुतू नये म्हणून तळाला फरशीचा चौकोनी तुकडा ठेवायचा. रुतलेली काठी ही यातली सगळ्यात मोठी चूक, कारण ती पुढच्या प्रत्येक नोंदीत जमा होत जाते.

सुरुवातीची खूण कायमची हवी. माडाला खूण करू नका, तो पडू शकतो. विजेचा खांबही बदलला जातो. भरतीच्या रेषेपासून बराच आत जांभ्याचा चिरा सिमेंटात रोवा, त्यावर खिळा ठोका आणि त्याच्या मागे सरळ रेषेत दुसरा चिरा रोवा. दोन्ही चिरे एका रेषेत दिसले की समुद्राकडे जाण्याची दिशा दरवेळी तीच राहते.

चिऱ्यापासून सुरू करायचं. एक जण पुढची काठी समुद्राकडे धरतो, दुसरा मागच्या काठीशी उभा राहतो. मागचा माणूस पुढच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आणतो. ती रेषा मागच्या काठीला टोकापासून जितके सेंटीमीटर खाली छेदते, तितका त्या दोन मीटरांत उतार. पुळण पुढे चढत असेल तर उलटं करायचं : मागच्या काठीचं टोक आणि क्षितिज जुळवून रेषा पुढच्या काठीला कुठे छेदते ते वाचायचं आणि आकड्यापुढे अधिक लिहायचं. मग मागची काठी पुढच्याच्या जागी, आणि पुढे चालायचं, पाण्याच्या कडेपर्यंत. तीन माणसं, एक वही, एका रेषेला अर्धा तास.

उधाणाच्या दिवसांत आपल्याकडे मोठी ओहोटी पहाटे-सकाळी आणि संध्याकाळी असते, म्हणून अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या दोन दिवसांत सकाळची वेळ धरा. धुकं असेल तर क्षितिज दिसत नाही, त्या दिवशी मोजू नका. खाडीच्या बाजूला क्षितिजच नसतं, तिथे गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी वापरायची.

एका किलोमीटरला चार-पाच रेषा पुरतात. बंधारा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांपलीकडे एकेक जास्तीची. दर महिन्याला झालं तर उत्तम, नाहीतर मेअखेर, सप्टेंबरअखेर आणि जानेवारीअखेर ह्या तीन मोजण्या चुकवू नका.

आता हिशेब. समजा दोन मेअखेरच्या मोजण्यांत ४० मीटर रुंद पुळण सरासरी ६० सेंटीमीटर खाली गेली. म्हणजे किनाऱ्याच्या दर मीटरला २४ घनमीटर वाळू कमी. अशी ५०० मीटर लांबी असेल तर १२,००० घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. हे झाले सुमारे ४,२४० ब्रास. आकडा ब्रासमध्ये आणण्याचं कारण असं, की खाडीतल्या उपशाचे परवाने ब्रासमध्येच असतात. दोन आकडे एकाच कागदावर शेजारी आले की कारण शोधायला अधिकाऱ्यालाही सोपं जातं.

---

मर्यादवेल

पुळणीच्या मागे जो वाळूचा उंचवटा असतो, तो या दांड्यांची तिजोरी आहे. वादळात समुद्र त्यातली वाळू काढतो आणि नंतर वारा ती परत भरतो. निवासासमोर समुद्र दिसावा म्हणून हा उंचवटा सपाट करणं म्हणजे ती तिजोरी रिकामी करणं. २०१९ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत सक्रिय वाळूच्या टेकड्यांची छाटणी किंवा फेरफार करायला मनाई आहे, आणि वाळूच्या टेकड्या व कासवांच्या विणीच्या जागा सर्वांत कडक वर्गात येतात. केळशीला भारजा नदीच्या मुखाजवळची वाळूची टेकडी पाहिली की पूर्ण वाढलेला उंचवटा केवढा असतो त्याचा अंदाज येतो.

भरण्यासाठी दोन स्वस्त उपाय आहेत. पहिला, झावळ्यांचं कुंपण. नोव्हेंबर ते मे दुपारचा वायव्येचा वारा कोरडी वाळू उडवतो, तेव्हाच ते कामाला येतं. उधाणाच्या भरतीरेषेच्या वर, दोन-दोन मीटरवर बांबूचे खुंट अर्धा-पाऊण मीटर गाडून, जमिनीपासून एक मीटर उंचीपर्यंत झावळ्या बांधायच्या. निम्मी जागा मोकळी राहिली पाहिजे. घट्ट विणलेला झाप लावला तर वारा वरून उडी मारतो आणि पायथ्याशी खड्डा पडतो. निम्म्या फटी असलेल्या कुंपणामागे वाऱ्याचा वेग मंदावतो आणि वाळू खाली बसते. कुंपण बुडालं की त्यावर नवं.

पण सलग कुंपण घालू नका. ऑलिव्ह रिडले कासवं याच काळात, नोव्हेंबर ते मार्च, अंडी घालायला वर येतात आणि पिल्लं ४५ ते ६० दिवसांनी समुद्राकडे जातात. आठ-दहा मीटरचे तिरपे तुकडे आणि मध्ये तीन मीटरची वाट ठेवा. वेळास-आंजर्ल्यासारख्या ठिकाणी कासवमित्रांना विचारल्याशिवाय एकही खुंट ठोकू नये.

दुसरा उपाय मर्यादवेल, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर पसरणारी वेल. तीस-चाळीस सेंटीमीटरचे, तीन-चार पेरांचे तुकडे, दोनतृतीयांश वाळूत तिरपे गाडून, मीटरभर अंतराने. वेळ जुलै-ऑगस्ट, पाणी घालावं लागत नाही. उधाणाच्या रेषेच्या खाली लावली तर खारं पाणी आणि लाट दोन्ही तिला उपटतात, वर लावा. पहिल्या वर्षी गुरं आणि गाड्या अडवल्या पाहिजेत. पुळणीवरून एक जीप गेली की वेल मधोमध तुटते आणि वाऱ्याला वाट मिळते. मागच्या बाजूला निरगुडी, केवडा आणि त्याच्याही मागे उंडी, करंज, भेंडी.

---

श्रीवर्धनकर

सुरूचं नाव घेतलं नाही तुम्ही. सुरूच्या बनाने आमच्याकडच्या वाड्यांचा वारा वर्षानुवर्षं अडवला आहे. त्याला एकदम खलनायक करू नका.

---

मर्यादवेल

खलनायक नाही, जागा चुकीची. सुरू वाऱ्याला चांगला, पण तो वाळू बांधून ठेवत नाही. त्याच्या सुयांचा थर जमिनीवर पसरला की खाली मर्यादवेल आणि गवत उगवत नाही, मुळं उथळ राहतात आणि लाट आली की झाड मुळासकट आडवं होऊन पुळणीत उभा कडा उरतो. असा उभा कडा कासवाला चढता येत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तुमच्याकडे सुपारीच्या बागांबरोबर सुरूही किती पडले ते सगळ्यांनी पाहिलं. जुनं बन तोडा असं अजिबात म्हणत नाही. नवी लागवड भरतीरेषेपासून पन्नासेक मीटर मागे न्या आणि पुढची रांग वेलीला मोकळी सोडा.

---

श्रीवर्धनकर

हे मान्य. पुढच्या रांगेत नवे सुरू नकोत एवढं ठरावात घाला.

---

ग्रामसेवा

आता कागदाची बाजू. घाईत चुका इथेच होतात.

ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल ती. गणपूर्तीची सही नसलेला ठराव वरच्या कार्यालयात बाजूला पडतो. विषय कार्यक्रमपत्रिकेवर आधी छापून आला पाहिजे, ऐनवेळच्या विषयात घेतलेल्या ठरावाला वजन राहत नाही. एका दांड्यावर दोन ग्रामपंचायती असतील तिथे दोघींनी एकाच मजकुराचे ठराव केले तर फार फरक पडतो.

आधी झालेल्या बंधाऱ्याची माहिती माहितीच्या अधिकारात मागा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत लागतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला ३० दिवस. एका अर्जात दहा गोष्टी मागितल्या तर तो फेटाळायला निमित्त मिळतं. म्हणून पहिल्या अर्जात संकल्पचित्र आणि मोजमाप पुस्तिका. दुसऱ्यात दगडांच्या वजनाच्या पावत्या. तिसऱ्यात सीआरझेडची परवानगी आणि पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राचा किंवा अन्य संस्थेचा अभ्यास झाला असेल तर त्याचा अहवाल. चौथ्यात दोषदायित्वाचा कालावधी कधी संपतो ते. कालावधी चालू असेल तर खचलेला भाग ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, नवा निधी मागण्याची गरज नसते.

सीआरझेडसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती असते आणि तिच्यात पारंपरिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी, मच्छीमारांसह, असणं अधिसूचनेनेच बंधनकारक आहे. आपल्या जिल्ह्यातले ते तिघं कोण हे आधी शोधा आणि मोजणीच्या वहीची प्रत त्यांच्या हातात द्या. टेकडी सपाट होत असेल तर तक्रारीत गट क्रमांक, अक्षांश-रेखांश, तारीख आणि एकाच जागेवरून काढलेले आधीचे-नंतरचे फोटो जोडा. 'आमच्या गावात वाळू चोरतात' या एका ओळीवर कारवाई होत नाही.

निधीबद्दल एक गोष्ट. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी धूप रोखण्याच्या उपायांना १,५०० कोटी आणि धुपेने विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाला १,००० कोटी रुपये राष्ट्रीय पातळीवर वेगळे ठेवले होते. म्हणजे फक्त दगडालाच नाही, माणसं मागे हलवायलाही पैसे मागता येतात हे तत्त्व मान्य झालेलं आहे. पहिल्या ओळीतल्या दोन-चार घरांसाठी हा पर्याय त्यांच्याशी बोलून, त्यांच्या संमतीनेच ठरावात घालावा.

---

रापण

पुनर्वसन म्हणताना एक ध्यानात धरा. मच्छीमाराचं घर पाचशे मीटर मागे गेलं तर होडी, जाळी आणि रापणीची (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची) दोरी कुठे ठेवायची? घर मागे जाईल, पण होडी ओढायची पुळण आणि मांगराची (सामानाच्या खोपीची) जागा पुढेच राहिली पाहिजे. बंधाऱ्यालाही हेच लागू. होड्या वर घ्यायच्या जागी बंधाऱ्यात उतार ठेवला नाही तर बंधारा झाला आणि धंदा गेला. रापणीला किती रुंद मोकळी पुळण लागते ते रापणसंघाला विचारूनच आराखडा करा.

---

पुळण (धागाकर्ती)

सगळ्यांचे मुद्दे घेऊन मसुदा केला आहे. दुरुस्त्या सुचवा.

'ही ग्रामसभा ठराव करते की : (१) गावाच्या समुद्राकडील व खाडीकडील किनाऱ्यावर कायम चिरे रोवून मेअखेर, सप्टेंबरअखेर व जानेवारीअखेर वाळूची मोजणी करावी आणि नोंदवही ग्रामपंचायत दप्तरी ठेवावी. (२) खाडीच्या मुखाजवळ यांत्रिक उपसा होऊ नये व परवानगी दिलेल्या ब्रासचे आकडे दर तिमाहीस ग्रामपंचायतीस कळवावेत. (३) बंदर वा जेट्टीच्या गाळउपशातील स्वच्छ वाळू समुद्रात दूर न टाकता, दाणा जुळत असल्यास याच पुळणीवर टाकावी. (४) वाळूच्या उंचवट्यांवर सपाटीकरण, वाहने व पुढच्या रांगेत सुरूच्या झाडांची नवी लागवड होऊ नये. (५) जिथे घरे व रस्ता धोक्यात आहेत तेवढ्याच लांबीत बंधारा करावा. त्याचा पायथा सप्टेंबरच्या पातळीवरून ठरवावा, गाळणथर झाकण्यापूर्वी ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधीस दाखवावा, होड्यांसाठी उतार ठेवावा.'

---

सागरीस्थापत्य

तिसऱ्या कलमात 'दाणा जुळत असल्यास' पुरेसं नाही. 'पुळणीच्या दाण्याइतका किंवा त्याहून जाड' असं लिहा. खाडीचा गाळ बारीक असतो, तो टाकला तर पहिल्या पावसाळ्यात वाहून जातो आणि पाणी गढूळ होऊन शिंपल्यांच्या जागा बुजतात. तपासायला चाळण्यांचा संच तालुक्याच्या ठिकाणच्या बांधकाम प्रयोगशाळेत मिळतो. नमुने मधल्या पुळणीवरून घ्या, तीन ठिकाणचे, प्रत्येकी किलोभर.

पाचव्यात 'टोकांपलीकडे दोन्ही बाजूंना मोजणी रेषा' जोडा.

---

ग्रामसेवा

दुसऱ्या कलमात 'कळवावेत' कोणी ते लिहिलेलं नाही. 'जिल्हा खनिकर्म अधिकारी यांनी' असं घाला, म्हणजे पत्र नेमकं कुणाला जायचं ते ठरेल. आणि चिरे रोवण्याच्या जागा खासगी गटात येत असतील तर मालकाची लेखी संमती ठरावाआधी घ्या.

---

पुळण (धागाकर्ती)

तिन्ही दुरुस्त्या घेतल्या. ज्यांच्या गावात अजून चिरे नाहीत त्यांनी सप्टेंबरअखेरच्या उधाणाआधी निदान दोन रेषा तरी रोवून घ्या. पहिली नोंद त्याच आठवड्यात घेतली तर पुढच्या सप्टेंबरला तुलना करता येईल.